नुसत्या सिमवर घर चालतं का?

मावसबहिणीनं परवा एका ओळीत विचारलं, "ताई, वायरचं इंटरनेट न घेता नुसत्या सिमवर भागतं का गं?" मी 'हो' टाइप केलं, खोडलं. 'नाही' टाइप केलं, तेही खोडलं. आमचं चार माणसांचं घर आठ महिने फक्त मोबाइल नेटवर्कवर चाललंय, त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क मला नक्की आहे. पण ते एका शब्दात मावेना, म्हणून इथे लिहितेय.

झालं असं की नवीन घरात आलो तेव्हा वायरवाल्या कंपनीनं "पुढच्या आठवड्यात जोडून देतो" असं सांगितलं. तो पुढचा आठवडा आठ महिन्यांनी उजाडला. तोवर काय करायचं, म्हणून सिम घालायचा राऊटर आणला. माझं काम पुस्तकांच्या मांडणीचं, म्हणजे जड फायली सतत पाठवायच्या. नवऱ्याच्या दिवसातून तीन-चार व्हिडिओ मीटिंगा. मुलगा गेम खेळतो (त्याच्या भाषेत 'थोडा ब्रेक'). आणि सासूबाईंच्या मालिका. त्यात खंड पडला तर उरलेल्या तिघांचं काम आपोआप बंद पडतं.

पहिल्या दिवशी सकाळी अकराला स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड ६२ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६२ मेगाबिट! मी लगेच नवऱ्याला म्हटलं, कशाला हवी वायर? रात्री साडेनऊला तीच टेस्ट पुन्हा लावली. डाउनलोड ७, अपलोड १.१. राऊटर तोच, खिडकी तीच, सिमही तेच. फरक एवढाच की आता आसपासची सगळी माणसं घरी येऊन मोबाइल हातात घेऊन बसली होती. टॉवरची क्षमता त्या क्षणी त्याच्यावर असलेल्या सगळ्यांत वाटली जाते. जाहिरातीत दिसतो तो आकडा तुमच्या एकट्याच्या वाट्याचा नसतोच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०१७ मध्ये ५जीचे निकष ठरवले, तेव्हा कमाल वेग धरला २० जीबीपीएस (म्हणजे २०,००० एमबीपीएस), आणि दाट वस्तीत एका वापरकर्त्याला प्रत्यक्षात मिळावा असा वेग धरला १०० एमबीपीएस. दोनशे पट फरक आहे, आणि तो कागदावरच मान्य केलेला आहे.

आता खरं सांगायचं तर ६२ लागतात कुणाला? एचडी सिनेमाला ५ एमबीपीएस पुरतात. व्हिडिओ मीटिंगला दोन्ही दिशांनी दीड-दोन असले तरी चेहरे स्वच्छ दिसतात. बँक, बातम्या, तिकिटं, मेल यांना तर त्याहून कमी लागतं. म्हणजे रात्रीच्या ७ मध्येही सासूबाईंची मालिका सुखेनैव चालत होती. डाउनलोडवरून आमच्या घरी फारशी भांडणं झाली नाहीत.

घोडं पेंड खात होतं अपलोडपाशी, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. टॉवर दहा-वीस वॉटनं किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो, आणि आपलं सिमचं यंत्र जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास. टॉवर ओरडतो, आपण कुजबुजतो. त्याचं आपल्याला नीट ऐकू येतं, आपलं त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून टॉवरपासून लांब असलात की आधी अपलोड मान टाकतं, डाउनलोड बऱ्यापैकी चालू असताना. याचं प्रात्यक्षिक आमच्याकडे एका संध्याकाळच्या मीटिंगमध्ये झालं. नवऱ्याला समोरचे दहाही जण लख्ख दिसत होते, म्हणून तो रंगात येऊन बोलत होता. समोरच्यांना तो एक डोळा मिटलेला आणि तोंड अर्धवट उघडं अशा अवस्थेत चार मिनिटं गोठलेला दिसत होता. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला. त्यांच्या ग्रुपचा डीपी अजून तोच आहे.

माझी तर त्याहून वाईट गत. १.४ जीबीची एक फाइल रात्री पाठवायला घेतली. हिशेब करताना लोक बिट आणि बाइटमध्ये गंडतात. वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात, एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे मध्ये आठपटीचा फरक. १.१ एमबीपीएसनं ती फाइल जायला जवळपास तीन तास लागतात. आणि त्या तीन तासांत बाकीच्या घराचं काय होतं? आतल्या खोलीतून आरोळी येते, "आई, तू काही पाठवतेयस का?" त्याचा पिंग (म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) एरवी ४०-५० मिलिसेकंद असायचा, तेवढ्यात गेम मजेत चालतो. मी फाइल सोडली की तो आठशे-नऊशेवर जायचा. कारण अपलोडची वाट अरुंद आणि राऊटर तिच्या तोंडाशी पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग लावून ठेवतो. गेमचं इवलंसं पॅकेट माझ्या पुस्तकाच्या दीडशे पानांमागे ताटकळत उभं. शेवटी घरात नियम झाला की जड फायली पहाटे सहाच्या आत. आठ महिने मी पहाटे उठून 'सेंड' दाबलंय. माझ्या आईला वाटायचं मी योगा सुरू केलाय.

राऊटर कुठे ठेवता यावर निम्मी लढाई असते. आम्ही आधी तो शोभेसाठी टीव्हीशेजारी ठेवला होता. वायफायच्या दांड्या फुल, तरी इंटरनेट रखडलेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वायफायच्या दांड्या राऊटर आणि लॅपटॉप यांच्यातलं नातं दाखवतात, राऊटर आणि टॉवर यांच्यातलं नाही. आणि टॉवरच्या दांड्याही प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं काढते. खरा आकडा राऊटरच्या सेटिंगमध्ये 'आरएसआरपी' या नावानं सापडतो. तो उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. टीव्हीशेजारी उणे ११२ होता. मी विजेची वायर लांब करून राऊटर हातात धरून घरभर फिरले, आरती ओवाळल्यासारखी. मागच्या खिडकीत उणे ९१ निघाला. दर १० ला सिग्नल दहापट होतो, म्हणजे त्याच घरात वीस पावलं चालल्यावर तो शंभरपटीहून जास्त मिळाला. तेव्हापासून राऊटर त्या खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला आहे. दिसायला भिकार दिसतो, पण चालतो. काचेवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर मात्र खिडकीचाही उपयोग होत नाही, तो थर सिग्नलही अडवतो. आणि ५जीचा जो पट्टा वेगवान म्हणून मिरवतात, ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, तो भिंतीपुढे हात टेकतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झवाले सावकाश असतात, पण भिंत ओलांडून आत येतात. गॅलरीत ५जी आणि पलंगावर ४जी, याचं कारण हे.

डेटाच्या मर्यादेबद्दल मला आजही राग येतो. 'अनलिमिटेड' हा शब्द ज्यानं या धंद्यात आणला त्याला शब्दकोश भेट द्यायला हवा. बऱ्याच प्लॅनमध्ये एका हद्दीपर्यंत वेग मिळतो, पुढे तो ६४ किंवा १२८ केबीपीएसवर आणून ठेवतात. ६४ केबीपीएसनं १ जीबी उतरवायला सुमारे ३५ तास लागतात. तिकडे एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, ४के ७ जीबीपर्यंत. सासूबाईंच्या टीव्हीचा दर्जा मी गुपचूप एक पायरी खाली आणून ठेवला होता, त्यांना तो आजतागायत कळलेला नाही. (त्या फेसबुकवर नाहीत.)

पण आमचा डेटा खाल्ला तो मालिकांनी नव्हे. पहिल्या महिन्यात बाराव्या दिवशीच हद्द संपली, आणि कुणी काही जास्त पाहिलेलं नव्हतं. दोन दिवस शोधल्यावर उलगडा झाला. आपण फोनला सांगून ठेवलेलं असतं की फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट फक्त वायफायवर कर. फोन बिचारा वायफायवरच होता! त्या वायफायच्या मागे सिम आहे हे त्याला कोण सांगणार? चार फोन, दोन लॅपटॉप आणि एक टीव्ही रात्रभर ओरपत होते. प्रत्येक यंत्रात जाऊन हे वायफाय 'मीटर्ड' (म्हणजे डेटा मोजून मिळणारं) आहे असं सांगावं लागतं. सिमचा राऊटर आणलात तर हे पहिल्या दिवशी करा, बाकी सगळं नंतर.

एक छोटी गोष्ट, दाराला कॅमेरा लावणाऱ्यांसाठी. मोबाइल नेटवर्कवर तुम्हाला बहुतेक वेळा इंटरनेटवरचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता (आयपी) मिळत नाही, शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. राऊटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसला तर समजा की बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला जोडता येणार नाही. कंपनीच्या अ‍ॅपमधून दिसणारे कॅमेरे चालतात.

आता निकाल. नवव्या महिन्यात वायर आली आणि आम्ही ती घेतली. नवऱ्याचं मत होतं, चाललंय की, कशाला? घेतली ती डाउनलोडच्या वेगासाठी नाही, तर माझ्या अपलोडसाठी आणि ती हद्दीची टांगती तलवार जावी म्हणून. आम्ही दोघंच असतो आणि माझं काम असं नसतं, तर मी वायरवाल्याला दारातूनच परत पाठवलं असतं. एकदोन माणसं, सिनेमे, मीटिंगा, बँक, थोडं वाचन, एवढ्याला सिम व्यवस्थित पुरतं आणि त्यात दुधाची तहान ताकावर वगैरे काही नाही. घर बदललं तर इंटरनेट पिशवीत घालून नेता येतं, हे सुख वेगळंच. खिडकीतला राऊटर मी अजून काढलेला नाही, छोटा प्लॅन टाकून ठेवलाय. मागच्या महिन्यात कुणीतरी रस्ता खणताना वायर तोडली, तेव्हा अडीच दिवस त्याच्यावरच काढले.

तर बाई, तुझ्यासाठी. राऊटर लगेच विकत घेऊ नकोस. ज्या खिडकीत तो ठेवशील तिथे आठवडाभर रोज रात्री साडेनऊला तुझा फोन ठेव, हॉटस्पॉट चालू कर, लॅपटॉपवरून टेस्ट लाव. डाउनलोडकडे बघू नकोस. अपलोड आणि पिंग लिहून ठेव. एकदा अशी टेस्ट लाव की त्याच वेळी भावोजी व्हिडिओ कॉलवर असतील. तुम्हा दोघांना अपलोड सातही दिवस ३ च्या वर राहिलं तर खुशाल सिम घे. एखाद्या दिवशी खाली गेलं तर कोणत्या वारी आणि किती, तेही लिही. रविवारचा आकडा चुकवू नकोस, आमच्याकडे सगळ्यात वाईट तोच असायचा. सात दिवसांचा कागद झाला की फोटो पाठव, बघून सांगते.