डॉक्टर होण्याआधीची चार वर्षं

“अगं, रात्री दोन वाजता ही पोरगी ॲम्ब्युलन्सवर काय करते? मग अभ्यास कधी करते?” लातूरहून ताईने फोनवर विचारलं. तिच्या आवाजात टीका नव्हती, काळजी होती. ताईचा मुलगा बारावीत आहे आणि नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करतोय. सकाळी सहाला उठणं, क्लास, टेस्ट, जेवण, अभ्यासिका, अकराला झोप. माझी लेक इथे न्यू जर्सीत, आमच्या राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. तिलाही डॉक्टरच व्हायचंय. ताईच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी अर्धवटच दिलं. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय, म्हणून हा लेख.

इथली रचना आधी सांगते. अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षण सहसा मिळत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेलं प्रशिक्षण. मेडिकल स्कूलची तयारी करणाऱ्या मुलांना ‘प्री-मेड’ म्हणतात, पण त्या नावाची वेगळी पदवी नसते. विषय कोणताही घ्या, पण जीवशास्त्र, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रयोगशाळेसह पूर्ण करावं लागतं. लेकीने मुख्य विषय मानववंशशास्त्र घेतला. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. मी लातूरच्या शाळेत शिकलेली. डॉक्टर व्हायचं तर सगळा वेळ बायोलॉजीला द्यायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत तिला शंभरपैकी ४१ गुण मिळाले. शाळेत कायम पहिल्या तिनांत असलेली मुलगी. दोन दिवस तिने फोन उचलला नाही. मी लगेच शिकवणी शोधायला लागले, आपला तोच एक उपाय. तिने मला थांबवलं. इथे प्राध्यापकांची आठवड्यात एक ठरलेली वेळ असते, तेव्हा कोणीही विद्यार्थी त्यांच्या खोलीत जाऊन शंका विचारू शकतो. ती तीन आठवडे त्या दारापर्यंत जाऊन परत येत होती, हे तिने मला बऱ्याच नंतर सांगितलं. शेवटी आत गेली. प्राध्यापकांनी तिच्या हातात खडू दिला आणि म्हणाले, या अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाण काढून दाखव. तिला येईना. अभिक्रिया तिला तोंडपाठ होत्या, पण त्या का घडतात हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

सत्राच्या शेवटी तिला ‘बी’ मिळाला. प्री-मेडच्या बाजारात ही श्रेणी फार चांगली मानत नाहीत. पण यंदा ती त्याच विषयात धाकट्या विद्यार्थ्यांच्या गटाला सरावासाठी मदत करते. “आई, ज्यांना कळत नाही ते गप्प बसतात. मला ती गप्प बसलेली मुलं बरोबर ओळखता येतात,” ती म्हणाली. ‘मला कळलं नाही’ हे वाक्य मोठ्याने म्हणायला ती विसाव्या वर्षी शिकली. हे वाक्य येत नसलेला डॉक्टर पेशंटला महागात पडतो, असं मला मनापासून वाटतं.

आता ॲम्ब्युलन्सबद्दल. तिच्या विद्यापीठात प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थी स्वयंसेवकांचं आपत्कालीन पथक आहे. ताईला वाटतं तशा जिवावर बेतलेल्या घटना तिथे रोज नसतात. बहुतेक वेळा कुणी जास्त प्यायलेलं असतं, कुणाचा पाय मुरगळलेला असतो, परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला श्वास लागल्यासारखं होतं. एकदा पहिल्या वर्षाची एक मुलगी बाथरूमच्या फरशीवर बसून रडत होती. नाडी, रक्तदाब, सगळं ठीक होतं. “मी काही केलं नाही, नुसती तिच्याशेजारी फरशीवर बसले,” असं लेक सांगत होती. ही तिची त्या वर्षातली सगळ्यात मोठी कमाई आहे, हे कळायला मला वेळ लागला.

दुसरा प्रसंग तर माझ्याच भाषेचा. दर शनिवारी सकाळी ती एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाते. व्हीलचेअर ढकलणं, वाट दाखवणं असली कामं. एक दिवस तातडीच्या विभागाबाहेर बार्शीकडचे एक आजोबा एकटेच बसलेले दिसले. मुलगा गाडी लावायला गेलेला. ते म्हणत होते, “कळ नाही गं येत. जीव घाबरल्यासारखा होतोय, हातापायाला मुंग्या आल्यात.” लेक घरात मराठी बोलते, पण ‘मुंग्या’ म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर खऱ्या मुंग्याच आल्या. स्वयंसेवकाने दुभाषाचं काम करायचं नसतं. रुग्णालयाला त्यासाठी पात्र दुभाषा द्यावा लागतो आणि त्यांनी तो फोनवर जोडून दिलाही. तोवर ती आजोबांजवळ बसून त्यांच्या गावाबद्दल बोलत राहिली.

त्या रात्री ती वही घेऊन माझ्याजवळ बसली. कळ म्हणजे काय, ठणका म्हणजे काय? चमक निघते ती कशी, मुरडा कुठे येतो? कणकण आणि ताप यांत फरक काय, घेरी आणि चक्कर एकच का? मी सांगत गेले आणि माझंच मला नवल वाटलं. आपली माणसं दुखणं किती नेमकं सांगतात! ठणका ठोके पडावेत तसा येतो, चमक विजेसारखी येऊन जाते, मुरडा पोटातच. पेशंटने अर्धं निदान तोंडाने सांगितलेलं असतं, ऐकणाऱ्याच्या कानाची तयारी हवी. ही तयारी कोणत्याही परीक्षेच्या तासांत होत नाही.

गावाकडची चर्चा मी रोज वाचते. २०२४ च्या नीटनंतर ती फार पेटली. ४ जूनला निकाल लागला. ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण निघाले. १५६३ जणांना वाढीव गुण दिल्याचं उघड झालं. पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला. त्या दिवसांत ताईच्या गल्लीतली मुलं जेवत नव्हती. परीक्षा स्वच्छ हवी, यावर दुमत असूच शकत नाही. पण गेली दोन वर्षं आपण फक्त परीक्षेवरच बोलतोय. पेपर कसा फुटला, संगणकावर घ्यायचा का, राज्याने स्वतःची प्रवेश परीक्षा (सीईटी) परत आणावी का. त्या १८० प्रश्नांच्या अलीकडची दोन वर्षं मुलं कशी जगतात, यावर कोणी बोलत नाही.

माझा आक्षेप नेमका तिथे आहे. एमबीबीएससाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत ५० टक्के पुरतात. पुढचं सगळं नीटच्या गुणांवर. म्हणजे बारावीच्या गुणांची किंमत पात्रतेपुरती उरली. त्यातून कॉलेज रिकामी झाली. नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच दुखण्यावर. दुखणं हललं नाही. लातूरबद्दल तर मला जास्तच वाईट वाटतं. ज्या ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं तो मुळात कॉलेजातच घडला होता. कॉलेजचेच शिक्षक जादा तास घ्यायचे, सराव परीक्षा तपासून चुका समजावून सांगायचे. मुलगा कुठे अडला हे ओळखणारा माणूस समोर असायचा. आता ट्यूशन एरियात, म्हणजे लातूरच्या क्लासेसच्या भागात, एका वर्गात कित्येक मुलं बसतात आणि चुकांचा हिशेब संगणकाने काढलेल्या तक्त्यात येतो.

मग अमेरिकेसारखं करावं का? नाही. इथे दरवर्षी ५० हजारांहून जास्त जण मेडिकल स्कूलला अर्ज करतात, जागा मिळते साधारण २३ हजारांना. चार वर्षं घालवून निम्म्याहून जास्त मुलं बाहेर राहतात. जी आत जातात त्यांतली बरीच जण दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज घेऊन बाहेर पडतात. अर्जात १५ अनुभव लिहायला जागा असते. आमच्या मराठी मंडळातले पालक त्या जागा भरायला नववीपासून धावतात. ओळखीच्या डॉक्टरकडे मुलाला उभं करणं, मित्राच्या प्रयोगशाळेत नाव घालणं. सेवेचे तास मोजले जातात. लेकीची खोलीतली मैत्रीण मेसमध्ये ताटं घासून फी भरते. अर्जात पगाराचं कामही लिहिता येतं हे खरं, पण फुकट राबायला वेळ असणं ही इथे श्रीमंती आहे. ही पद्धत आपल्याकडे नेली तर पहिल्याच वर्षी वशिल्याचे दाखले छापून मिळतील. आपली एकच परीक्षा, गुणवत्ता यादी आणि सरकारी कॉलेजातली साडेपाच वर्षांची परवडणारी एमबीबीएस, हे कष्टकऱ्याच्या लेकरासाठी फार मोलाचं आहे. ते सोडू नये.

मी मागते ते त्याहून लहान आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा भाग आला, सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही आली. चांगलंच झालं. पण सोळा ते अठरा या वयात ज्याने ना चूक कोणाला दाखवली, ना कोणाशेजारी बसला, त्याला संवाद एका मॉड्यूलमध्ये कसा शिकवणार? अकरावी-बारावीचं कॉलेज परत कॉलेज करा. प्रात्यक्षिकांचे गुण खरे करा आणि त्यांना प्रवेशात थोडं तरी वजन द्या. ते गुण कॉलेजने घरच्या घरी वाटू नयेत, परीक्षक बाहेरून आणि ऐनवेळी ठरवलेला असावा. आठवड्यातली एक दुपार गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायला सांगा, गुणांशिवाय. आणि पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर मूल संपलं असं घराघरांत म्हणणं आधी आपण थांबवू.

ताई म्हणाली, हे सगळं बरोबर असेल, पण माझ्या एकट्या पोराने दुपारी आरोग्य केंद्रात जाऊन कसं चालेल, शेजारचा तेवढ्यात चाळीस पर्यायी प्रश्न (एमसीक्यू) सोडवतो. ती खोटं बोलत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही पोराला क्लासलाच पाठवलं असतं. म्हणूनच हा निर्णय एकेका आईवर टाकता येत नाही, तो सरकारने सगळ्यांसाठी एकदम घ्यायला हवा.

मी तिला फक्त एक विचारलं, भाचा ज्या कॉलेजात नावापुरता आहे तिथली बायोलॉजीची प्रयोगशाळा कशी आहे? तिला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. कॉलेज शेजारच्या तालुक्यात आहे, तो दोनदाच गेलाय, एकदा प्रवेशाला आणि एकदा फोटो द्यायला. गेल्या आठवड्यात भावजी कामासाठी त्या बाजूला गेले तेव्हा मुद्दाम डोकावून आले. प्रयोगशाळेला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे असते म्हणे, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात दार उघडतात.