नळ दाखवला, पाण्याचं विचारलं नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार. दुकानाचा मालक लिहितोय. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी तुमचं बिल काढून पुन्हा एकदा वाचला. इतरांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो. नव्या बाथरूमसाठी तुम्ही आमच्याकडून भिंतीतला डायव्हर्टर (थंड-गरम पाणी मिसळून शॉवरकडे किंवा खालच्या नळाकडे वळवणारा भाग), मोठा रेन शॉवर आणि बेसिनसाठी काळ्या रंगाचा उंच सिंगल लिव्हर, म्हणजे एकाच दांडीवर चालणारा, नळ नेलात. शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकतं. बेसिनवर तोंड धुतलं की शिंतोडे आरशापर्यंत जातात. काळ्या नळावर पांढरे डाग पडले. दुकानात फोन केलात तर "प्लंबरची चूक असेल" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी तुम्ही लिहिलंय की हे सगळे नवे नळ दिखाऊ असतात, जुने चावीचेच बरे, आणि आता भिंत फोडून सगळं काढून टाकणार आहात.

फोनवर जे उत्तर मिळालं ते चुकीचं होतं. घर न बघता, प्लंबरशी न बोलता त्याच्यावर ढकलून दिलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

शॉवरच्या बाबतीतही मोठी चूक आमचीच आहे. तुमच्या बिलावर पत्ता आहे, त्यात मजला लिहिलाय: सगळ्यात वरचा. माल निवडताना आम्ही तुम्हाला रंग विचारला, टाइल्सचा फोटो मागितला, पण गच्चीवरची टाकी शॉवरपासून किती उंच आहे हे कोणीच विचारलं नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा होता. टाकीतून नुसतं उतरून येणाऱ्या पाण्याला साधारण 10 मीटर उंचीमागे 1 बार प्रेशर मिळतं. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकी यांच्यात जेमतेम 2 मीटरचं अंतर असतं, म्हणजे 0.2 बार. पाइप, वळणं, डायव्हर्टर यांतून जाताना त्यातलंही काही खर्च होतं. ताटाएवढ्या रेन शॉवरला भोकं असतात शेकड्यांनी, आणि त्या सगळ्यांतून धार यायला बहुतेक वेळा 1 बारच्या आसपास प्रेशर लागतं. बेसिनचा नळ शॉवरच्या मीटरभर खाली असतो, म्हणून त्याला थोडा जास्त जोर मिळतो. एकाच बाथरूममध्ये बेसिनला पाणी बरं आणि शॉवरला रडतखडत, असं होतं ते यामुळे.

आणखी एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. दुकानात तुम्ही शॉवर चालू करून पाहिलात तेव्हा तो छान कोसळत होता, कारण आमचा डेमो बोर्ड पंपावर चालतो. ते तुम्हाला सांगितलं नाही. फसवायचा हेतू नव्हता, पण तुमची समजूत चुकीची झाली आणि त्यातूनच ही खरेदी झाली. आजच प्लंबरला बोलावून बोर्डावर दुसरी लाइन टाकायला सांगितली आहे, पंपाशिवाय, फक्त वर ठेवलेल्या छोट्या टाकीवरची. यापुढे शॉवर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दोन्हींवर दाखवू.

आता भिंतीचं. कृपा करून लगेच फोडू नका. भिंतीतल्या डायव्हर्टरचं कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतला भाग, पुढची प्लेट आणि हँडल काढून समोरूनच बाहेर येतं, टाइल्सना हात लावावा लागत नाही. नव्या कामात पाइपमध्ये वाळू, सिमेंटचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे राहतात. नळ बसवण्याआधी लाइन मोकळी सोडून धुतली नाही तर हा सगळा कचरा कार्ट्रिजमध्ये आणि शॉवरच्या तोंडाशी येऊन बसतो. मुळात प्रेशर कमी असताना एवढा अडथळाही पुरतो. तुमच्याकडे तसं झालंय की नाही हे उघडल्याशिवाय मी म्हणणार नाही. आणि समजा प्लंबरने लाइन धुतली नसेल, तरी त्याला तसं सांगणारा कागद आम्ही मालासोबत दिला नव्हता.

कचरा काढूनही जोर पुरला नाही तर दोन वाटा आहेत. रेन शॉवर परत द्या आणि त्या जागी कमी प्रेशरवर चालणारा लहान तोंडाचा शॉवर किंवा हँड शॉवर लावा. माझा सल्ला हाच आहे. डायव्हर्टर आहे तिथेच राहील. दुसरी वाट प्रेशर पंपाची, पण तो लावायचा तर टाकीतून निघणाऱ्या मुख्य लाइनवर, म्हणजे थंड आणि गरम दोन्ही पाण्यांना सारखा जोर मिळेल. फक्त थंड लाइनवर पंप बसवला की मिक्सरमध्ये, म्हणजे दोन्ही पाणी मिसळतं तिथे, थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटतं आणि आंघोळ थंडच राहते. शिवाय तुमचे पाइप आणि गीझर तेवढं प्रेशर सोसतात का, हे आधी तपासावं लागेल. आणि हो, गॅसचा गीझर असेल तर मला आधीच सांगा. लिव्हर मध्यावर ठेवला की गरम बाजूचा प्रवाह कमी होतो आणि तो गीझर मध्येच विझतो. मग लोक नळाला नावं ठेवतात.

बेसिनचे शिंतोडे हा मापाचा प्रश्न आहे. तुम्ही नळ घेतलात तेव्हा बेसिन ठरलं नव्हतं. ओट्यावर ठेवायचं बेसिन असेल एवढंच तुम्ही सांगितलं होतं आणि आम्ही उंच नळ हातात ठेवला. वास्तविक तेव्हाच म्हणायला हवं होतं की आधी बेसिन आणा, मग नळ बघू. धार किती उंचीवरून पडते आणि बेसिनच्या कुठल्या भागावर पडते, यावर सगळं अवलंबून असतं. उथळ बेसिनच्या चढावर वरून सरळ धार आपटली की पाणी अंगावर येणारच. तोटीची लांबी अशी हवी की धार बेसिनमधल्या पाणी जाण्याच्या भोकाच्या थोडी अलीकडे पडेल आणि तोटीखाली हात आरामात मावतील. तोटीच्या टोकाशी असलेला एरेटर, म्हणजे हवा मिसळणारी जाळी, बदलूनही बराच फरक पडतो, कारण धार मऊ होते. आधी तोच करून पाहू. नाही जमलं तर त्याच कंपनीचा कमी उंचीचा नळ बदलून देईन, वापरलेला असला तरी.

डागांच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. फोटोत जे दिसतं ते मला रंग उडाल्यासारखं वाटत नाही. जड पाणी वाळलं की त्यातले क्षार मागे राहतात. चकचकीत क्रोमवर ते कमी दिसतात, मॅट काळ्यावर लगेच उठून दिसतात. कोमट साबणाच्या पाण्याने मऊ कापडाने पुसून बघा. नाहीच गेले तर पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर आधी नळाच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून बघा आणि लगेच धुऊन टाका. डाग जाऊन खाली काळा रंग शाबूत दिसला तर ते क्षार होते. आतला धातू दिसला तर कोटिंग गेलंय, आणि मग मी कंपनीकडे तुमच्या बाजूने भांडेन. फक्त एवढं आठवून सांगा, टाइल्स बसवल्यावर फरशी ॲसिडने धुतली होती का? ॲसिड नळावर पडायलाच हवं असं नाही, बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफेनेही मुलामा खराब होतो. आणि जड पाणी असेल तर काळा नळ रोज पुसावा लागतो, हे घेतानाच सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही क्रोम घेतलं असतं. तेही राहिलंच.

आमच्या दुकानातल्या मुलाने तुम्हाला "वजन बघा, जड आहे म्हणजे पितळ" असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ते अर्धवट आहे. जस्ताच्या मिश्रधातूचा नळही हातात जडच लागतो. तुमच्या नळाची बॉडी पितळेचीच आहे, हँडल मात्र जस्ताच्या मिश्रधातूचं आहे. हँडलमधून पाणी जात नसल्याने त्याने बिघडत नाही, पण विकताना हे स्पष्ट सांगायलाच हवं.

राहिलं जुन्या चावीच्या नळांचं. तुमचा राग मला कळतो, तरी हे पटत नाही. जुन्या नळात रबराचा वॉशर दाबून पाणी बंद होतं. वॉशर झिजतो, माणूस आणखी जोर लावून पिळतो, वॉशर टेकतो ती सीट खराब होते आणि ठिबक सुरू होते. सिरॅमिक डिस्कच्या नळात दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, पाव फेऱ्यात बंद, जोर लावायचं कामच नाही. घरात म्हातारं माणूस असेल, बोटं आखडलेली असतील, तर हा फरक दिवसातून दहा वेळा जाणवतो. याची दुश्मन वाळू. चकत्यांवर चरे पडले की नळ गळायला लागतो. म्हणून गाळ येणाऱ्या पाण्यावर, बाहेरच्या नळाला, मी स्वतः अजूनही वॉशरवालाच देतो. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. बेसिनला नाही.

रविवारी सकाळी मी स्वतः येतो, सोबत आमचा फिटर असेल. तुमच्या प्लंबरलाही बोलावून ठेवा, म्हणजे त्याच्यासमोरच कार्ट्रिज उघडू. टाकीची उंची टेपने मोजू, शॉवरखाली बादली ठेवून घड्याळ लावून एका मिनिटात किती पाणी येतं ते बघू. लहान शॉवर, दुसरा एरेटर आणि कमी उंचीचा नळ गाडीत घेऊनच येईन. फक्त डायव्हर्टरचा खोका टाकला नसेल तर जपून ठेवा, त्यावरचा मॉडेल नंबर लागेल. आणि तोवर भिंतीला कोणाला हात लावू देऊ नका.