मोजून काय होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

जन्मतः व्यंग असलेली बाळं मोजत बसण्यापेक्षा त्यांच्या ऑपरेशनला पैसे द्या, मोजून कुठलं बाळ बरं झालंय, असं तुम्ही लिहिलंत. आणि वहीत नाव चढलं की आईवर शिक्का बसतो, हेही. दुसरं शंभर टक्के मान्य. आकडे मांडायला नाव लागत नाही. पहिल्यावर मात्र भांडणार.

व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्याचं औषध फ्रान्समध्ये १९६७ पासून विकलं जात होतं. गरोदरपणात ते घेणाऱ्या शंभरातल्या एक-दोघींच्या बाळाचा मणका उघडा राहायचा. आता एका डॉक्टरकडे अशा गरोदर बाया येणार किती? जन्मात एखादं बाळ दिसणार, तो हळहळणार आणि पुढच्या पेशंटला हाक मारणार. थॅलिडोमाइड या दुसऱ्या एका औषधामुळे झालेली आखूड हातापायांची बाळं एरवी सहसा दिसतच नसत, म्हणून डोळ्यांत भरली. तरी ते औषध पश्चिम जर्मनीत १९५७ ते १९६१ विकलं गेलंच. उघडा मणका तर आधीपासून होताच, त्यात ही चार बाळं कुणाला वेगळी दिसणार? फ्रान्समधल्या ल्योन शहराच्या जन्मजात व्यंगांच्या नोंदवहीत मात्र आसपासच्या सगळ्या भागातली बाळं एकत्र आली होती, आईच्या औषधांसकट. १९८२ मध्ये संशोधक एलिझाबेथ रॉबेर यांना तिथे उघड्या मणक्याच्या बाळांच्या नोंदींत एकच औषध पुन्हा पुन्हा दिसलं: व्हॅल्प्रोएट. मग इतर देशांनी आपापल्या वह्या उघडल्या.

(हे वाचून कुणी फेफऱ्याची गोळी मनानेच बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.)

तुमच्या बाजूनेही एक सांगतो. कळूनही ते औषध गरोदर बायकांना दिलं जात राहिलं. १९६७ ते २०१६ या काळात त्यामुळे २,१५० ते ४,१०० मुलं मोठं व्यंग घेऊन जन्मली, असा अंदाज फ्रेंच सरकारी यंत्रणांनी २०१७ मध्ये मांडला. म्हणजे वही बोलली, ऐकणारे ढिम्म.

पण वही नसली की काय होतं, ते आपल्याकडे बघा. बाळाचा ओठ फाटलेला निघाला की ‘ग्रहणात विळीवर बसली असेल’ हे घरात ठरूनही जातं. शिक्का बसायला नोंद लागतेच कुठे?

आणि नोंद होते ती तरी कशी! एका प्रसूतिगृहातली वही मी पाहिलीय. शेऱ्याच्या रकान्यात नुसतं ‘व्यंग’. ओठ, पाय की पाठ, काही पत्ता नाही. ऑपरेशनसाठी पैसे मागायचे तर कशाच्या ऑपरेशनसाठी, हेसुद्धा त्या वहीतून सांगता येत नव्हतं. ‘कमरेवर गाठ, लिंबाएवढी, वर कातडी नाही’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.