मामा, हे काम मिळेल का?

गेल्या आठवड्यात भाच्याने एक रील पाठवलं. नारिंगी रेनकोट घातलेला पोरगा, मागे घराएवढी लाट, डेकवर लांब तंगड्यांच्या प्रचंड कुर्ल्यांचा ढीग आणि खाली ठळक अक्षरांत महिन्याची कमाई, डॉलरमध्ये. सोबत प्रश्न : ‘मामा, हे काम मिळेल का?’

मामा बोटीवर असतो म्हणजे मामाला समुद्रातलं सगळं ठाऊक, असा आमच्या घरात समज आहे. मी मर्चंट नेव्हीतला, मासेमारीशी माझा संबंध ताटापुरता. पण जपान-कोरियाहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणारा जवळचा रस्ता वर वाकून अलास्काच्या अल्युशियन बेटांना घासून जातो. त्या बेटांमधल्या युनिमॅक पास या सामुद्रधुनीतून मी तीन हिवाळे गेलोय. तेवढ्या जोरावर ही पोस्ट लिहितोय.

एकदा रात्री बारा ते चारच्या वॉचला होतो. आमचं जहाज दोनशे मीटरचं, ब्रिज उबदार, हातात कॉफी. बाहेर उडणारा तुषार लोखंडाला लागला की तिथेच गोठत होता. वॉच संपेपर्यंत समोरची अंगठ्याएवढी रेलिंग मनगटाएवढी झाली. उजवीकडे रडारवर एक ठिपका होता. दुर्बिणीतून पाहिलं तर झगझगीत दिवे, लाटेमागे साफ गायब व्हायचे, मग पुन्हा वर यायचे. कुर्ल्यांची बोट. माणसं दिसण्याइतकी ती जवळ नव्हती. पण एवढे दिवे लागलेत म्हणजे डेकवर काम चालू आहे, एवढं कळत होतं. मी कॉफी खाली ठेवली, का ते मला आजही सांगता येणार नाही.

आता ते काम काय असतं ते सांगतो, कारण रीलमध्ये फक्त कुर्ल्या दिसतात. अल्युशियन बेटांच्या उत्तरेला बेरिंग समुद्र, तिथे या कुर्ल्या धरतात. तिथला पिंजरा म्हणजे आपल्याकडची टोपली नव्हे. सात फूट बाय सात फुटांची लोखंडी चौकट, त्यावर जाळी, रिकामी असताना तीन-साडेतीनशे किलो. आत हेरिंग किंवा कॉडचं आमिष टांगायचं, पिंजरा समुद्रात ढकलायचा, दोर आणि बोया मागोमाग. मग फिरून यायचं, बोया गळाने पकडायची, दोर हायड्रॉलिक चक्रावर चढवायचा, पिंजरा वर घ्यायचा, ओतायचा, निवडायचं. मादी परत पाण्यात, लहान नर परत पाण्यात. मोठे नर तेवढे टाकीत. टाकीत समुद्राचं पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं, कारण कुर्ली जिवंतच कारखान्यात पोचायला हवी. हे सगळं हलत्या, ओल्या, गोठलेल्या डेकवर, अठरा-वीस तास. दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला की माणूस पिंजऱ्याबरोबर जातो.

आणि पगार नाही. आपल्याकडच्या बोटींवर चालतो तसाच वाट्याचा हिशेब. माल नाही तर वाटा नाही.

डिस्कव्हरीवर हे सगळं आपण वरणभात खात पाहिलंय. मीही पाहिलंय. त्यात समुद्र खलनायक असतो आणि कॅप्टन नायक. माझा आक्षेप इथे आहे. त्या समुद्राने माणसं मारली हे खरंच, पण त्याच्या तोंडी त्यांना कुणी दिलं, तर कॅलेंडरने.

२००५पर्यंत तिथे पद्धत अशी होती की सरकार एकूण किती कुर्ल्या पकडायच्या ते ठरवणार, अमुक दिवशी अमुक वाजता हंगाम उघडणार, आणि तेवढा माल निघाला की बंद. ज्याने आधी ओढलं त्याचं. शेवटी शेवटी लाल किंग क्रॅब या जातीच्या कुर्लीचा हंगाम तीन-चार दिवसांत आटपायचा, अडीचशेच्या आसपास बोटी. अशात वादळ आलं तर थांबायचं कुणी? शेजारची बोट थांबली नाही तर तुम्ही वर्षाची कमाई बंदरात बसून घालवली. झोप नाही, हवामान नाही, पिंजरे मावतील तेवढे चढवायचे. १९९०च्या दशकात दरवर्षी सरासरी सात-आठ माणसं त्या बोटींवरून गेली. १९९९पासून कोस्ट गार्डने बोटी निघायच्या आधी धक्क्यावरच पिंजरे मोजायला सुरुवात केली आणि आकडा उतरू लागला. १५ जानेवारी २००५ला, स्नो क्रॅब या दुसऱ्या जातीच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, बिग व्हॅली नावाची बोट उलटली. सहापैकी एकजण वाचला.

त्याच वर्षी कोटा आला. प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला, महिनोन्‌महिने घ्या, वादळात बंदरात बसा, तुमची कुर्ली कुणी नेत नाही. मृत्यू झपाट्याने कमी झाले. बोटी पहिल्याच मोसमात शंभराच्या आत आल्या. पण बोटी कमी म्हणजे खलाशीही कमी, हजाराच्या वर पोरांचं काम गेलं. आणि कोटा मिळाला तो बहुतेक सगळा बोटमालकांना, थोडासा कॅप्टनना, डेकवर बोटं गमावलेल्यांना काही नाही. पुढे कोटा भाड्याने द्यायची पद्धत पडली. किनाऱ्यावर बसलेल्याचं भाडं आधी वजा, उरलेल्यात खलाशाचा वाटा. मी कोट्याच्याच बाजूने आहे, जिवंत माणूस निदान भांडू तरी शकतो. पण ‘सगळ्यांचं भलं झालं’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आणि घाई पुरती गेलीही नाही. ११ फेब्रुवारी २०१७, डेस्टिनेशन नावाची बोट, सेंट जॉर्ज बेटाजवळ. सहा माणसं, एकही सापडला नाही. रेडिओवर एक शब्द नाही, फक्त बोटीवरच्या यंत्राचा आपोआप गेलेला सिग्नल. बोटीवर दोनशे पिंजरे होते. बोट किती वजन घेऊन न कलंडता तरेल हे सांगणाऱ्या स्टॅबिलिटीच्या पुस्तकात एका पिंजऱ्याचं वजन धरलं होतं ७०० पौंड. नंतर समुद्रतळातून पिंजरा वर काढून तोलला, तर ८४०च्या घरात. चौकशीत माल वेळेवर पोचवायच्या दडपणाचाही विषय निघाला.

भाच्याला म्हटलं, बेरीज कर. त्याने फोनवर केली. १४० गुणिले दोनशे, अठ्ठावीस हजार पौंड. जवळजवळ तेरा टन वजन, जे कागदावर नव्हतंच, आणि तेही डेकच्या वर रचलेलं. त्यावर बर्फ. पिंजऱ्याची जाळी, आतला दोर, बोया, सगळ्यावर बर्फ धरतो. खलाशी लाकडी हातोडे घेऊन तो फोडत बसतात. फोडण्यापेक्षा जमणं वेगात झालं की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकत जातो, आणि तिचं डोलणं सुस्त होतं. आम्हाला परीक्षेत हेच विचारतात. जोरात डोलणाऱ्या बोटीवर उलट्या होतात, पण ती भरवशाची. आळसावून डोलणारी, एका बाजूला जाऊन जरा रेंगाळणारी, तिची भीती धरावी. झोपलेल्या माणसाला मात्र ते डोलणं सुखाचं वाटतं.

३१ डिसेंबर २०१९च्या रात्री स्कँडीज रोज नावाची बोट गेली, तीही बर्फाने. सातपैकी दोघे वाचले, गार पाण्यात जीव तगवणारा सर्व्हायव्हल सूट चढवायला मिळाला म्हणून. तिच्याही स्टॅबिलिटीच्या कागदात चुका निघाल्या.

भाचा म्हणाला, ‘पण आता सेफ झालंय ना?’ आता कुर्ल्याच नाहीशा झाल्या, बाबा. २०१८-१९मध्ये बेरिंग समुद्र तापला. शून्य अंशाच्या जागी तीन अंश पाणी झालं की स्नो क्रॅबची भूक जवळजवळ दुप्पट होते. तेवढं खाणं तिथे नव्हतं. सुमारे दहा अब्ज कुर्ल्या काही वर्षांत संपल्या, बहुधा उपासमारीने. २०२२मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवला. त्याच समुद्रातल्या सेंट पॉल बेटावर जेमतेम चारशे माणसं, गावाचा कारभार कुर्लीच्या करावर. २०२४मध्ये हंगाम पुन्हा उघडला, अगदी थोड्या मालासाठी.

हे सगळं ऐकून तो ‘बरं’ म्हणाला. परवा नवीन रील आलं. या वेळी नॉर्वे. किंग क्रॅबच, पण तिथली कुर्ली मूळची तिथली नाहीच, १९६०च्या दशकात रशियनांनी पॅसिफिकमधून नेऊन सोडलेली. खाली त्याचाच प्रश्न : ‘मामा, इथे?’