चूल पेटती ठेवा, पण गाळा कोण देणार?

दर काही महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरून येतो. अमेरिकेत बायकांनी स्वयंपाक सोडला, माणसं बाहेर जेवू लागली आणि तीस-चाळीस वर्षांत तिथली कुटुंबसंस्था मोडली. सबब भारतीय स्त्रीनं चूल पेटती ठेवावी. खाली टक्केवारी असते, ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. एक काका हात जोडतात, दोन माम्या 'अगदी खरं' लिहितात आणि एखादी भाची वैतागून 'मग काकांनी लाटाव्यात पोळ्या' असं ठोकून देते. पुढच्या खेपेपर्यंत शांतता.

मी सिंगापूरला राहते. इथून हा वाद वाचताना वाटतं, दोन्ही बाजूंना दिसते ती फक्त एक बाई आणि एक ओटा. भाचीचा राग रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८, असं निघालं. पण उद्या ती बाई ओट्यापासून बाजूला झालीच, तर संध्याकाळी साडेसातला घरातल्या चार माणसांनी काय खायचं, कुठे बसून आणि किती पैशांत, हे भाचीही सांगत नाही. रोज ॲपवरून मागवणं ज्यांना परवडतं त्यांच्यापुरतंच ते उत्तर आहे.

इथे ते उत्तर आमच्या इमारतींच्या रांगेपलीकडे, रस्ता ओलांडला की आहे. हॉकर सेंटर. वर पत्रा किंवा स्लॅब, बाजू उघड्या, छताला पंखे, मध्ये जमिनीत पक्की रोवलेली टेबलं आणि भोवती लहान लहान गाळे. एका गाळ्यात हायनानी चिकन राइस, शेजारी मलय बाईंचं नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, पलीकडे तमिळ मुस्लिम गृहस्थांचा रोटी पराटा, कोपऱ्यात लाक्सा, म्हणजे तिखट रश्शातल्या नूडल्स. बहुतेक गाळ्यांवर एक किंवा दोनच पदार्थ, आणि तेच वर्षानुवर्षं. माझी आवडती जागा मात्र 'इकॉनॉमी राइस'ची: काचेमागे वीस-पंचवीस भाज्या, अंडी, मासे, टोफू मांडलेले, आपण बोट दाखवायचं, ते भातावर वाढतात. चार ते सहा डॉलरांत पोटभर. परतलेली कोबी, तळलेलं अंडं, वांग्याची मऊसर भाजी. कुठल्याही चिनी घरात रोज होणारं, सणाचं नव्हे असं जेवण. खाऊन झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा. २०२१ पासून न ठेवल्यास दंडही होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या मांडण्या दोन, हलालची वेगळी. म्हणजे एकाच टेबलावर कुणी डुक्कर खातो, कुणी त्याचा वाराही चालवून घेत नाही, आणि दोघांची सोय पाहिलेली असते.

सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा गणवेशातली मुलं, त्यांचे आईबाप आणि आजी-आजोबा एका टेबलाभोवती जेवताना बघून त्यांनी विचारलं, "मग या लोकांच्या सुना करतात काय?" प्रश्न खवचट होता, पण नेमका होता. सुना नोकरी करतात, नोकरीवरून येतात आणि सगळ्यांबरोबर बसून जेवतात. घरात कुणी एक शेवटी, गार पोळी खाणारी उरत नाही.

आणि घरचा स्वयंपाक संपलेला नाही, त्याचा वार बदललाय. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला लेकी-सुना-नातवंडं वडीलधाऱ्यांच्या घरी जमतात. शेजारच्या मलय काकू ईदच्या आधी रेंडांग, म्हणजे मसाल्यातलं सुकं मांस, तासन्‌तास आटवतात, त्याचा वास आमच्या मजल्यावर सगळ्यांना पुरतो. आमच्या घरी रविवार सकाळ 'लिटल इंडिया'तल्या टेक्का बाजाराची. तिथे सुरमई 'तेंग्गिरी' म्हणून मिळते, बांगडा 'केंबुंग' म्हणून. ओला नारळ समोर खवून देतात, मेथी आणि कढीपत्ता मिळतो, वर तमिळ दुकानदाराच्या गप्पा. तिरफळं तेवढी कुडाळहून येतात. बांगड्याचं तिखलं करायला मला रविवारी मनापासून आवडतं. हेच तिखलं मंगळवारी रात्री आठला, ऑफिसची बॅग खांद्यावरून न उतरवता करायचं असतं, तर आवडलं असतं का? मुळीच नाही.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला इथे एक आयतं हत्यार सापडेल, ते मीच देते. सिंगापूरचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, २०२३ साली एकच्याही खाली गेला. कुटुंबं लहान होताहेत, हे खरं. पण इथे त्यावर जी चर्चा चालते ती घरांच्या किमती, कामाचे तास आणि मुलांच्या शिकवण्यांची. नूडल्सवाल्याला कुणी दोष दिलेला मी ऐकलेला नाही.

आता ही सोय आपोआप उगवलेली नाही. साठच्या दशकात सिंगापूरचे रस्ते आपल्या दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथसारखेच होते: गाड्या, उघडी गटारं, पिंपातलं पाणी. सरकारनं १९६८-६९ मध्ये फेरीवाल्यांची नोंदणी केली, सुमारे १८ हजार रस्त्यावरच्या विक्रेत्यांना परवाने दिले आणि १९७१ ते १९८६ या काळात नळ, वीज, सांडपाण्याची सोय असलेली केंद्रं बांधून त्यांना आत नेलं. सगळं गोडीगुलाबीनं झालं नाही, धाडीही पडल्या. पण क्रम महत्त्वाचा: विक्रेता मोजला, त्याला गाळा दिला, मग रस्ता मोकळा केला. स्वयंपाक सरकारनं केला नाही. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा इथल्या लोकांना झालेला आनंद काहीसा आपल्या गड-किल्ल्यांवेळच्या आनंदासारखा होता.

महाराष्ट्रानं नेमकं उलट केलं. आपण जागेऐवजी ताट स्वस्त केलं. १९९५ नंतरची एक रुपयातली झुणका-भाकर आठवा: केंद्रं मोक्याच्या जागी उभी राहिली, पुढे योजना आटली आणि त्या टपऱ्यांवर झुणका सोडून बाकी सगळं मिळू लागलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीमागे धरलेल्या पन्नास रुपयांतले उरलेले चाळीस सरकार देणार. टाळेबंदीत या थाळीनं कितीतरी माणसं जगवली, तिची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण जे ताट रोज तिजोरीतून भरावं लागतं ते तिजोरीच्या मर्जीवर असतं. बिलं थकली की चालक हात आखडतो. गाळा एकदा बांधला की त्यातली बाई स्वतःच्या हिमतीवर धंदा करते.

आणि अशा बायका आपल्याकडे होत्याच. गिरणगावातल्या खानावळवाल्या. दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हवर, पाळ्यांच्या वेळा सांभाळून त्या गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायच्या. कोकणातल्या गड्याला कोकणातली कढी, घाटावरच्याला भाकरी. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायकांना कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या मुंबईत 'घरचं की बाहेरचं' हा वाद घालायची कुणाला उसंत नव्हती, तिथे कामगारवर्गाचं अर्धं घरचं जेवण दुसऱ्याच कुणाच्या तरी घरचं होतं. गिरण्या गेल्या, त्या जागी मॉल आले. मॉलच्या फूड कोर्टात त्यातल्या किती जणींना गाळा परवडला असता?

त्यांचा वसा आज पोळीभाजी केंद्रं चालवतात. डोंबिवली, ठाणे, पुणे, कुठेही जा: शटर अर्धं वर, आत चार बायका, तव्यांची रांग, बाहेर डबा धरून उभे असलेले लोक. हे आपलं इकॉनॉमी राइस. फरक इतकाच की तिथे बसायला जागा नाही, भाडं खासगी मालक ठरवतो आणि पालिकेच्या दृष्टीनं ते केंद्र म्हणजे आणखी एक दुकान. फेरीवाल्यांना मोजून जागा नेमून द्यायचा २०१४ चा फेरीवाला कायदा आला. मुंबईत त्याच्या समित्या आणि याद्या वर्षानुवर्षं कोर्टकज्ज्यांत घोळत राहिल्या.

सिंगापूरचं कौतुक इथे थांबवते, कारण या व्यवस्थेच्या कडाही बोचऱ्या आहेत. हॉकरांचं वय साठीकडे झुकलंय. जुन्यांना सवलतीचं भाडं आहे, नव्यानं बोली लावणाऱ्याला कैक पट जास्त मोजावं लागतं, आणि गिऱ्हाईक मात्र पन्नास सेंटांनी भाव वाढला तरी कपाळाला आठ्या घालतं. पहाटे चारला उठून रस्सा उकळणाऱ्याचा मुलगा गाळ्यावर का बसेल? शिवाय बऱ्याच सुखवस्तू घरांतलं 'घरचं' जेवण इंडोनेशिया, फिलिपिन्स किंवा म्यानमारहून आलेली बाई रांधते, जिची स्वतःची मुलं हजारो मैलांवर दुसऱ्याच कुणाच्या हातचं खात असतात. त्या मजकुरातली टक्केवारी तिला कुठल्या रकान्यात घालेल?

आणि घर भाड्यानं घेताना इथल्या जाहिरातींत अजूनही 'फक्त हलका स्वयंपाक' अशी अट सर्रास असते. तिचा अर्थ: फोडणी नको. २०११ मध्ये करीच्या वासावरून दोन शेजारी कुटुंबांतला जुना तंटा वर्तमानपत्रात छापून आला, तेव्हा चिडून हजारो सिंगापूरकरांनी एका रविवारी मुद्दाम करी शिजवली. मुंबईत मासे खाणाऱ्या मराठी माणसाला सोसायटीत घर नाकारल्याच्या बातम्या वाचते तेव्हा हे आठवतं. चूल पेटती ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी ती पेटवायची परवानगी सगळ्यांना आहे का, हे पाहावं.

आतेबहिणीचं डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र आहे. गेल्या महिन्यात मालकानं भाडं वाढवलं, इमारत पुनर्विकासाला जातेय, आणि नव्या नकाशात दुकानं आहेत पण ती विकत घ्यायची. तिच्याकडे रोज शंभरेक डबे भरतात, त्यांत ग्रुपवर हात जोडणाऱ्या काकांचाही एक. या खेपेला तो मजकूर आला तेव्हा मी त्याच्याखाली तिच्या वॉर्डातल्या पालिका कार्यालयाचा पत्ता टाकला आणि काकांना विचारलं, मंडईच्या नव्या इमारतीत पोळीभाजी केंद्रांसाठी राखीव गाळे ठेवा, अशा अर्जावर तुम्ही सही कराल का? काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. भाचीनंही नाही.