आवाज कुठला हे सिद्ध झाल्याशिवाय भाग बदलू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या गाडीच्या पुढच्या बाजूने येणाऱ्या आवाजांविषयी मी जो लेख लिहिला होता, त्यावरील आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : ताशी ६० किलोमीटरच्या पुढे आपल्या गाडीत घरघर ऐकू येत होती आणि डावीकडे वळताना ती वाढत होती. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, या लेखातील विधानावरून आपण उजवे व्हील बेअरिंग (चाक सहज फिरावे म्हणून बसवलेला गोळ्यांचा भाग) बदलून घेतले, पण घरघर तशीच राहिली. नंतर डावे बदलल्यावर ती थांबली. त्याआधी गाडी जॅकवर उचलून दोन्ही चाके हाताने फिरवली, तेव्हा दोन्ही गप्प होती. यावरून आपण निष्कर्ष काढला आहे की अशा चाचण्यांत वेळ घालवण्यात अर्थ नाही आणि जुन्या गाडीचे बेअरिंग, ड्राइव्हशाफ्ट (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा), लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारी भुजा), लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी) असे सगळे एकदमच बदलून टाकावे. शेवटी आपण असेही लिहिले आहे की या कामानंतर गाडी मागे घेताना एकदाच ‘टक्’ असा आवाज येऊ लागला आहे. या शेवटच्या वाक्याकडे मी उत्तराच्या अखेरीस येणार आहे, कारण माझ्या मते आपल्या प्रतिक्रियेतला तोच सर्वांत तातडीचा भाग आहे.

वळणाच्या चाचणीपासून सुरुवात करतो. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या बाजूकडे सरकते, म्हणून उजव्या बेअरिंगवरचा उभा भार वाढतो. एवढे विधान बरोबरच आहे. परंतु लेखात मी या चाचणीला संकेत म्हटले होते, निकाल म्हटले नव्हते, आणि त्यामागे यांत्रिक कारण आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) गोळ्यांच्या दोन रांगा असलेले एकच बेअरिंग असते. डाव्या वळणात रस्ता दोन्ही टायरना डावीकडे ढकलतो. उजव्या चाकाच्या दृष्टीने ही ढकल गाडीच्या आतल्या दिशेने असते, तर डाव्या चाकाच्या दृष्टीने ती बाहेरच्या दिशेने असते. त्यामुळे डाव्या बेअरिंगवरचा एकूण भार कमी झाला, तरी त्यातल्या दोन रांगांमध्ये त्या भाराची वाटणी बदलते आणि सरळ रस्त्यावर ज्या रांगेवर फारसा ताण नसतो, तिच्यावर तो येतो. नेमक्या त्याच रांगेच्या मार्गिकेवर (गोळ्या ज्यावर धावतात त्या रिंगच्या पृष्ठभागावर) खड्डे पडलेले असतील, तर हलके झालेले चाक अधिक घरघरते. आपल्या गाडीत असेच झाले असण्याची शक्यता मला मोठी वाटते. चाचणीने आपल्याला बेअरिंगपर्यंत अचूक नेले. बाजू ठरवण्यासाठी आणखी एका पुराव्याची गरज होती आणि तो मिळण्याआधीच पाना हाती घेतला गेला.

तो पुरावा हाताने चाक फिरवून मिळायला हवा होता, हा आपला आक्षेप रास्त आहे. म्हणून ही चाचणी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, ते नीट मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना सुमारे १.८ मीटर परिघाचे चाक सेकंदाला नऊपेक्षा जास्त फेरे घेते आणि त्या बेअरिंगवर गाडीच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा किंवा पुढे इंजिन असल्यास त्याहूनही अधिक भार असतो. हाताने आपण सेकंदाला एखाददुसरा फेरा देतो आणि त्या वेळी भार जवळजवळ शून्य असतो. शिवाय पुढच्या चाकांना चालना देणाऱ्या गाडीत ड्राइव्हशाफ्ट आणि डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) सोबत फिरत असल्याने त्यांची कुरकुर बारीक खरखर झाकून टाकते. म्हणून हाताला खरखर लागली तर बेअरिंग दोषी आहे हे पक्के धरावे, मात्र काहीच लागले नाही म्हणून ते निर्दोष धरू नये. लेखात मी त्याच्याच पुढे स्प्रिंगची चाचणी दिली होती, ती बहुधा नजरेतून सुटली असावी. एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच बाजूच्या कॉइल स्प्रिंगवर हलकेच टेकवायची. फिरत्या भागांपासून बोटे आणि कपडे दूर ठेवायचे, हे सांगायला नकोच. कानाला जे ऐकू येत नाही, ते स्प्रिंगमधून बोटांना बारीक थरथरीच्या रूपाने जाणवते आणि डाव्या-उजव्या बाजूंतला फरक बहुतेक वेळा स्पष्ट कळतो. पुढच्या भागाच्या तपासणीत मला सर्वांत विश्वासाची वाटणारी चाचणी हीच आहे.

या दोन्ही चाचण्यांच्या आधी टायर तपासणे आवश्यक असते. टायरची नक्षी पायऱ्यापायऱ्यांनी झिजली असेल तर तो हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाजाचा सूर बदलत असेल, तर संशय टायरवर घ्यावा. बेअरिंगला खालचा रस्ता डांबरी आहे की काँक्रीटचा याने फारसा फरक पडत नाही. त्याच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आपसांत बदलून पाहिले की शंका फिटते. तसेच मोकळ्या सरळ रस्त्यावर, त्याच वेगात, इंजिन चालू ठेवून गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये घ्यावी. आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनच्या फेऱ्यांशी नव्हे, चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे हे निश्चित होते. इंजिन मात्र बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग यांना मिळणारे साहाय्य जाते.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे सगळे एकदम बदलण्याकडे येतो. यातला एक भाग मला मान्य आहे. स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि ब्रेक पॅड दोन्ही बाजूंचे एकत्रच बदलावेत, अन्यथा गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते. नकल (हब आणि बेअरिंग ज्यात बसते तो धातूचा भाग) काढलेच आहे आणि सीव्ही जॉइंटचा (ड्राइव्हशाफ्टच्या टोकाच्या, कोनात फिरू शकणाऱ्या सांध्याचा) बूट म्हणजे रबरी आवरण फाटलेले दिसते आहे किंवा बॉल जॉइंटला (नकल आणि लोअर आर्म जोडणाऱ्या गोलाकार सांध्याला) प्ले, म्हणजे सैलपणा, आहे, तर ते काम त्याच वेळी उरकणे शहाणपणाचे आहे. परंतु व्हील बेअरिंग किंवा ड्राइव्हशाफ्ट जोडीने बदलण्याचे तसे कोणतेही कारण नाही. ज्या ड्राइव्हशाफ्टचे बूट अखंड आहेत आणि आत मूळचे ग्रीस आहे, तो कितीही जुना असला तरी बाजारातल्या हलक्या प्रतीच्या नव्या ड्राइव्हशाफ्टपेक्षा मी त्यालाच पसंती देईन.

शिवाय प्रत्येक नवीन भागाबरोबर नवीन चुकीला वाव मिळतो, हे आपण लक्षात घ्यावे. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवरच द्यावा लागतो. तो आतल्या रिंगवर दिला गेला, तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, मार्गिकेवर खुणा उमटतात आणि नवे बेअरिंग काही दिवसांतच गुणगुणू लागते. लोअर आर्मच्या रबरी बुशचे (सांध्यात बसवलेल्या रबरी नळीचे) बोल्ट चाके हवेत लोंबत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. ते बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळायचे असतात. टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) सोडवताना त्याचा बूट फाटतो, अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी बिघडते. मूळ आवाज एकच होता, तो सापडला नाही म्हणून सहा भाग बदलले आणि आता दोन नवे आवाज आले, अशी गाडी समोर आली की तपासणी कुठून सुरू करावी हेच कळेनासे होते, कारण तोपर्यंत कोणताही भाग संशयमुक्त राहिलेला नसतो.

चाचणीसाठी लागणारा वेळ फुकट जातो, असे आपल्याला वाटते. माझा अनुभव असा आहे की वेळ फुकट जातो तो चुकीच्या स्थितीत केलेल्या चाचणीमुळे, आणि हे मी थोडे विस्ताराने सांगू इच्छितो. गाडी उचलली की चाके खाली लोंबतात आणि ड्राइव्हशाफ्ट रस्त्यावर कधीच नसतो अशा तीव्र कोनात जातो. त्या स्थितीत गिअर टाकून चाके फिरवली, तर चांगला सीव्ही जॉइंटसुद्धा खडखडू शकतो आणि विनाकारण दोषी ठरतो. त्यात एकच चाक उचललेले असेल तर ते स्पीडोमीटरवर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट वेगाने फिरते, जे धोक्याचे आहे; हा प्रयोग घरी करूच नये. बाहेरच्या सीव्ही जॉइंटची खरी परीक्षा मोकळ्या मैदानात होते : स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळू वेगात, ॲक्सिलरेटरवर किंचित दाब देत गोल फिरायचे. झिजलेला जॉइंट तालात ‘कट-कट-कट’ करतो आणि पाय उचलताच बहुधा शांत होतो. आतला जॉइंट बिघडला असेल तर तो असा वाजत नाही. सरळ रस्त्यावर जोर देताना गाडीचे नाक डावीउजवीकडे थरथरते आणि पाय सोडला की थरथर जाते.

लिंक रॉडचेही तसेच आहे. एकच चाक जॅकवर घेतले की स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचे कलणे आवरणारा दांडा) पिळला जातो, त्याच्या ताणाने लिंकचे जॉइंट घट्ट बसतात आणि त्यांतला प्ले हाताला लागत नाही. दोन्ही पुढची चाके सारखी उचलून, गाडी भक्कम स्टँडवर ठेवून लिंक हलवली, तर तीच लिंक सैल निघते. बॉल जॉइंट तपासताना सस्पेन्शनची रचना पाहावी लागते. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेली रचना) असलेल्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या बॉल जॉइंटवरून जात नाही, म्हणून चाक लोंबत असताना प्ले कळतो. पण स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असेल, तर जॅक आर्मच्याच खाली लावून जॉइंटवरचा ताण काढावा लागतो. अन्यथा धोकादायक स्थितीतला जॉइंट ठणठणीत वाटतो. सगळ्या तपासणीत हीच चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण बेअरिंग आधी आवाज करून बराच काळ सूचना देते, तर निसटलेला बॉल जॉइंट चाकच आडवे करतो.

वर-खाली धरून चाक हलवल्यावर जो सैलपणा जाणवतो, तो बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा, हा गोंधळही वारंवार होतो. दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेकमुळे हब आणि नकल जणू एक होतात. सैलपणा नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये होता, आणि तसाच राहिला तर तो नकलच्या पलीकडे, जॉइंटमध्ये किंवा बुशमध्ये आहे. या चाचणीला अर्धा मिनिटही लागत नाही. ती केली असती तर चांगली बेअरिंग काढली गेली नसती, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. येथे एक गोष्ट जोडतो : दाबून बसवलेल्या बेअरिंगमधून हब ओढून काढला की आतल्या रिंगचा अर्धा भाग बहुधा हबवरच राहतो आणि बेअरिंग निकामी होते. म्हणजे ‘काढून पाहू, चांगले असेल तर परत लावू’ ही सोय तेथे नसते.

आपण असेही सुचवले आहे की अनुभवी मेकॅनिक नुसता आवाज ऐकून दोष सांगतो. अनुभवी कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण असा माणूस काम करताना नीट पाहिला तर तो ऐकण्याइतकेच प्रश्न विचारतो असे दिसेल : थंड गाडीत येतो का, ब्रेकला पाय लावला की जातो का, स्टिअरिंग जागेवरच फिरवताना येतो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल आणि स्प्रिंग ‘टण्’ करून सरकत असेल, तर तो स्ट्रटचे वरचे माउंट पाहतो. ब्रेकला हलका स्पर्श होताच खडखड थांबली, तर तो पॅड आणि त्यांच्या क्लिपांकडे वळतो. पत्र्याच्या आवाजासारखी तीव्र किंकाळी अचानक सुरू झाली असेल, तर डिस्कमागच्या संरक्षक पत्र्यात खडा अडकला आहे का, ते आधी पाहतो. लोखंडी सांगाड्यातून आवाज लांबवर जातो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो, हे त्याला माहीत असते, म्हणून तो दिशेवर कमी आणि परिस्थितीवर जास्त भर देतो.

आता त्या ‘टक्’विषयी. बेअरिंगच्या कामात ड्राइव्हशाफ्टच्या टोकाचा मोठा नट काढावाच लागतो, आणि आपल्या गाडीत तो दोन्ही बाजूंचा काढला गेला आहे. हा नट केवळ शाफ्ट धरून ठेवत नाही. अनेक रचनांत बेअरिंगच्या आतल्या दोन अर्ध्या रिंगा त्याच्याच दाबाने एकत्र राहतात. तो अपुरा आवळला गेला, तर शाफ्टचे स्प्लाइन (हबमध्ये अडकणाऱ्या टोकावरच्या खाचा) हबमध्ये किंचित सरकतात आणि पुढून मागे दिशा बदलताना पहिल्या क्षणी एकच ‘टक्’ ऐकू येतो. आपण प्रथम आवाजाची वेळ नेमकी ठरवा. क्लच सोडून चाक फिरू लागतानाच तो येत असेल, तर संशय नटावर आणि त्यानंतर लोअर आर्मच्या बोल्टांवर घ्यावा. मागे घेतल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबताना येत असेल, तर ब्रेक पॅड ब्रॅकेटमध्ये सरकत आहेत किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल आहेत. ते बोल्टही या कामात निघालेले असतात, म्हणून तेही लगेच तपासावेत.

दोन्ही शक्यता तपासून होईपर्यंत कृपया गाडी वेगाने किंवा लांब चालवू नये. नट जुनाच परत लावला असेल तर नवा घ्यावा, कारण बहुतेक गाड्यांत तो एकदाच वापरण्याचा असतो. चाक जमिनीपासून वर असताना, दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबून धरलेला असताना, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याइतका तो आवळावा. अनेक गाड्यांत हा आकडा २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, आणि तेवढा जोर अंदाजाने साधत नाही. नट पूर्ण आवळला जाण्याआधी गाडी जमिनीवर उतरवून ढकलली गेली होती का, हेही काम करणाऱ्याला विचारावे. तसे झाले असेल, तर नव्या बेअरिंगलाही इजा झालेली असू शकते. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगवर बोटे टेकवून वरची चाचणी पुन्हा करावी आणि काय जाणवले ते येथे जरूर लिहावे.