उपाशी राहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पोटात कावळे ओरडू लागले की डबा उघडायचा, ही अडाण्यांची रीत. तुम्ही सुशिक्षित आहात. तुम्ही स्वतःला भौतिकशास्त्रातला कण समजा.

कोलकात्यात भौतिकशास्त्रज्ञ बिकाश चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘कोलकाता पाइस रेस्टॉरंट’ नावाचे गणित मांडून तुमची सोय करून ठेवली आहे. शंभर मजूर, शंभर स्वस्त ‘पाइस’ खानावळी, प्रत्येकीत एकच ताट. जेवणाची सुट्टी इतकी तोकडी की एका दारातून परत फिरलात तर दिवस उपाशी. आपसात बोलायचे नाही. बोललात की गणित संपते.

(अमेरिकेत असाच प्रश्न अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांनी १९९४ साली सांता फे गावातल्या ‘एल फारोल’ बारवर बेतला होता. तिथे गर्दी झाली तर मजा जाते, इथे जेवण जाते.)

आता कामाला लागा. डोळे मिटून कुठल्याही खानावळीत शिरा. रोज साधारण ६३ जण जेवतील, ३७ ताटे निवून जातील. उपाशी ३७ जणांची चिंता नको, मोजायची असतात ती ताटे. याला ‘६३ टक्के वापर’ म्हणायचे आणि आलेख काढायचा.

डोके चालवायची खुमखुमी असेल तर काल जिथे कोणी फिरकले नाही, तिथेच जा. ही शक्कल उरलेल्या नव्व्याण्णवांनाही सुचते, आणि जेवणारे ४६ वर येतात. म्हणजे विचार करण्यापेक्षा न करणे पोटाला बरे. सगळ्यांनी सर्वात चविष्ट झोलाच्या (बंगाली पातळ रश्शाच्या) मागे धावून पाहा. एकटा जेवेल.

त्यापेक्षा चिठ्ठ्या टाका. काल तुमच्या दारी चौघे जमले होते? मग चारांतली एक चिठ्ठी ‘तिथेच’ म्हणेल, बाकीच्या तीन ‘भलतीकडे’. सगळ्यांनी नेमाने हे केले तर वापर ८० टक्क्यांच्या आसपास जातो. भुकेल्या पोटी चिठ्ठ्या कातरणे जमले पाहिजे, एवढेच.

शंभरच्या शंभर जेवतील असाही तोडगा आहे: आज जो जिथे जेवला, त्याने उद्या शेजारच्या खानावळीत सरकावे, परवा त्याच्या पुढच्या. सगळ्यांना रोज ताट, आणि आळीपाळीने चांगला झोलही. पण त्यासाठी कोणीतरी नंबर लावून द्यावे लागतात, आणि नंबर लावणाऱ्याला या शास्त्रात हुकूमशहा म्हणतात. तेव्हा तो नाद सोडा.

आणि एका ताटात दोघांनी बसावे, असले काही भर वर्गात सुचवू नका. समीकरणात तशी जागा ठेवलेली नाही.